गनीसरांची मुकी नमाज

धारवाडात नमाजेला उभं राहावं तर गनीसरांनी, असं मळमड्डीच्या आसपासची जाणती माणसं सांगायची. अब्दुलगनी शिकलगार हे त्यांचं पूर्ण नाव, पण पस्तीस वर्षं एका शाळेत पीटी शिकवल्यामुळे ते नाव पेन्शनच्या कागदाबाहेर कुणी वापरलंच नाही. सर रुकूत गेले, म्हणजे कमरेत वाकून त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले, की पाठ अशी सपाट व्हायची की वर पाण्याचा पेला ठेवावा. सजद्यात डोकं टेकवलं तरी कोपरं जमिनीला लागायची नाहीत. बाकीचे म्हातारे गुडघे धरून, अल्लाचं नाव घेत, शेजारच्याच्या खांद्याचा आधार शोधत उठायचे. सर सासष्टाव्या वर्षी नुसते सरळ उभे राहायचे. लहान पोरांना त्यांचे बाप कोपरानं ढोसून दाखवायचे, "बघ, शिक जरा."

आता खरी गोष्ट सांगून टाकायला हवी. सरांना नमाजेतलं एक अक्षर म्हणता येत नव्हतं.

यात सरांचा दोष होता आणि नव्हताही. लहानपणी निपाणीला त्यांना अरबी शिकायला मशिदीत पाठवत, आणि हे चिरंजीव मागच्या भिंतीवरून उडी टाकून खो-खोच्या मैदानावर. उस्तादांनी कान पिळून पाहिले, वडिलांनी पट्टा काढून पाहिला, पण पोराचे पायच असे की पकडणार कोण? पुढे वडील गेले, शिकणं तिथंच राहिलं. नोकरी लागून धारवाडला आल्यावर सर मशिदीत जायला लागले ते पुढच्या माणसाचं बघून उठत-बसत. आता पीटीचा मास्तर एकदा बघून शिकला तर कसं शिकणार? महिन्याभरात पुढच्या माणसापेक्षा सरांचंच बरोबर दिसायला लागलं. लोक तारीफ करायला लागले, आणि एकदा तारीफ सुरू झाल्यावर 'अहो, या वेळी म्हणायचं काय असतं?' असं कुणाला विचारायची सोय राहिली नाही.

त्यातून इकडच्या रीतीत एक मोठी सोय होती. जमातीत, म्हणजे सगळ्यांबरोबर रांगेत, उभं राहिलं की म्हणायचं ते इमाम म्हणतो, मागचे गप्प उभे राहून ऐकतात. आणि गप्प उभं राहणं हा तर सरांचा धंदाच. एकट्यानं पढायच्या रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तनं, असत तेव्हा मात्र सर नुसते ओठ हलवत आणि मनात कवायतीचे आकडे मोजत. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार. असे आठ फेरे झाले की रुकू.

याची लाज वाटायची का? वाटायची तर. कधी शुक्रवारी नमाज संपवून चपला शोधताना एकदम मनात यायचं की आपण चाळीस वर्षं अल्लापुढं नुसती कवायत केली. तो बघतोय आणि म्हणतोय, शाबास गनी, विश्राम. पण बाहेर कुणीतरी हात मिळवून म्हणायचं, "वा सर, काय तो रुकू!" आणि मनातलं मनात राहायचं.

हे असंच चालायचं ते चाललं असतं. पण मशिदीत हाफिज मुदस्सिर नावाचा नवा इमाम आला. वय जेमतेम तीस, दाढी विरळ, उत्साह दांडगा. आल्या आल्या त्यानं दारावर फळा लावला: दर रविवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजेनंतर वर्ग; नव्यानं मुसलमान झालेल्यांसाठी, आणि जन्मानं मुसलमान असून विसरलेल्यांसाठीही. पहिल्या रविवारी नवे तिघं आले. जुन्यांपैकी एक नाही. दुसऱ्या रविवारी तेच. येणार कसे? बापजाद्यांपासून मुसलमान असलेला माणूस चारचौघांत 'मला येत नाही' म्हणून मांडी घालून बसेल होय?

तिसऱ्या रविवारी हाफिजनं फळा पुसला आणि नवा मजकूर लिहिला. प्रत्येक नव्याला एक जुना जाणकार सोबती हवा आहे, इच्छुकांनी भेटावं. लगेच रांग लागली. शिकायला न आलेले सगळे शिकवायला हजर. फक्त गनीसर रांगेत नव्हते. ते चपला घालून मागच्या फाटकानं सटकत होते, आणि तिथंच हाफिजनं त्यांना गाठलं. त्याच्याबरोबर एक उंच, चष्मेवाला तरुण होता.

"सर, इनकू तुमीच सिकाना," हाफिज आपल्या दखनीत म्हणाला. "हुबळीका बच्चा है, घरमें मराठी. तुम भी मराठी. और तुमारे सरीका रुकू पूरे धारवाडमें किसका है?"

सरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आजूबाजूला सात-आठ माणसं उभी होती आणि सगळी माना डोलवत होती. सर म्हणाले, "हो, शिकवू की. त्यात काय."

घरी जाईपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

तरुणाचं नाव सागर मिरजकर. घरचं हुबळीच्या बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान, ते थोरला भाऊ बघायचा. हा तारिहाळच्या एका कारखान्यात मशिनच्या भागांची ड्रॉइंगं करायचा. तिथला एक फिटर दुपारी लेथच्या शेजारी चटई टाकून नमाज पढायचा, आणि सगळा खडखडाट चालू असताना तो माणूस इतका शांत कसा राहतो, या एका प्रश्नानं सागरला धरलं. दोन वर्षं वाचलं, विचारलं, ऐकलं आणि मग एके दिवशी कलमा पढून मुसलमान झाला. हुबळीत ओळखीचे फार, म्हणून शिकायला धारवाडला यायचा.

लोकांना हे काही पटेना. बाजारात विचारत, "मुलगी कोण रे?" मशिदीतही हळूच विचारत, "मुलगी कोण?" मुलगी नाहीच म्हटल्यावर दोन्हीकडचे लोक सारखेच हिरमुसत. मग नावाचा घोळ. मशिदीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला सागरचं नवं नाव ठेवायचं होतं, आणि गंमत म्हणजे जो तो आपल्या वारलेल्या वडिलांचंच नाव सुचवायचा. दोघांची त्यावरून बाचाबाचीही झाली. शेवटी हाफिजनं सांगितलं की सागर म्हणजे समुद्र, समुद्राचं नाव बदलायची काही गरज नाही. तेव्हा कुठं ते थांबलं.

शिकवणी सुरू झाली. सरांनी सागरला मशिदीच्या ओसरीवर उभं केलं आणि पस्तीस वर्षांची सवय बाहेर काढली.

"पाय! दोन पायांत चार बोटांचं अंतर. खांदे सैल. मान खाली, नजर सजद्याच्या जागेवर. हात बांध. असा नाही, असा. आता रुकू! पाठ, पाठ, पाठ! माकडासारखी नको, फळीसारखी!"

सागर घामाघूम झाला. पण पोरगा गुणी. दोन रविवारांत त्याचा रुकू बघायला लोक थांबायला लागले. तिसऱ्या रविवारी त्यानं विचारायचं ते विचारलंच.

"सर, हे सगळं करताना म्हणायचं काय?"

सर क्षणभर आभाळाकडे बघत राहिले. मग गंभीर आवाजात म्हणाले, "आधी शरीर. शब्द मागाहून."

बस्स! सागरला ते इतकं भिडलं की त्यानं वर्गात सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या जोडीतले एक गृहस्थ म्हणाले, हे तर फार खोल बोलणं आहे. तिसऱ्या जोडीनं शब्द बंद करून नुसती उठबस सुरू केली. हाफिजनं सरांकडे बघितलं आणि विरळ दाढीत हात घालून हसला. सरांना ते हसणं अजिबात आवडलं नाही.

पण शब्द मागाहून म्हणजे किती मागाहून? पोरगा काही वाट बघत बसणारा नव्हता. तो फोनवर ऐकून अलहम पाठ करायला लागला. अलहम म्हणजे प्रत्येक रकातीत म्हणतात ती पहिली सूरत. ती आली नाही तर नमाजच नाही. बसमध्ये हुबळीहून येता-जाता कानात वायर घालून पुटपुटायचा आणि आल्यावर म्हणायचा, "सर, ऐका ना, बरोबर येतंय का?" सर डोळे मिटून ऐकायचे आणि संपल्यावर सांगायचे, "श्वास आणखी पोटातून घे." यात चूक काही नव्हतं. श्वास पोटातूनच घ्यावा.

घरी सरांनी बायकोवर प्रयोग केला. रोशनबी पाच वेळची पक्की नमाजी, पण पढायची मनातल्या मनात आणि झपाझप, कारण गॅसवर काहीतरी असायचंच. सर म्हणाले, "रोशन, तू जरा मोठ्यानं म्हण की. आवाज गोड आहे तुझा."

रोशनबीनं मागं वळून बघितलं. "चाळीस वर्षांत माझा आवाज तुम्हाला गोड लागला नाही. आज काय झालं? साखर वाढली का? तपासून या."

"तसं नाही, सहज."

"सहज?" तिनं जानमाज, म्हणजे नमाजेची चटई, गुंडाळून ठेवली. "अहो, मी तुमच्याबरोबर संसार केलाय. तुम्ही एकटे सुन्नत नमाज पढता तेव्हा तुमचे ओठ कसे हलतात ते काय मला दिसत नाही? शिकायचं असेल तर सरळ सांगा, मी शिकवते. चार दिवसांचं काम."

यावर नवऱ्यानं काय करायला हवं होतं ते शहाण्या माणसाला सांगायला नको. पण सरांच्या अंगात पीटीचा मास्तर होता. "मला काय शिकायचंय!" असं गुरकावून ते बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर नको असलेला चहा पिऊन आले.

मग सरांनी स्वतःही फोनवर ऐकून पाहिलं. पण त्या फोनमधला माणूस सुरात लांब लांब हेल काढायचा, सर त्यात वाहवत जायचे आणि संपल्यावर हातात काही उरायचं नाही. एकट्यानं सुरुवात करायची म्हटली की जीभ जड. या वयात नाहीच येणार आता, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. मात्र एक हिशेब पक्का ठेवला. जुहर आणि असर या दिवसाच्या नमाजा. त्यांत इमामसुद्धा मनातल्या मनात म्हणतो. मगरिब, म्हणजे दिवस मावळल्यावरची नमाज, ही मोठ्यानं म्हणायची, आणि दोघंच असले की इमाम व्हायची पाळी सरांवरच येणार. तेव्हा सागरबरोबर एकट्यानं असायचं ते उजेडात, आणि सूर्य कलायला लागला की काहीतरी काम काढून निघायचं. या हिशेबावर सरांनी दीड महिना सुखात काढला.

हिशेब मोडला तो सागरच्या आईनं.

"सर, आईनं बोलावलंय तुम्हाला," सागर एका रविवारी म्हणाला. "तुम्हाला बघायचंय म्हणते."

सागरच्या घरी काही आनंदीआनंद नव्हता. आई वत्सलाबाईंनी पहिला आठवडा जेवण टाकलं होतं. दुसऱ्या आठवड्यात भुकेनं नाही, तर भांडायला ताकद हवी म्हणून जेवायला लागल्या. आता भांडण संपून अबोला आणि अबोला संपून चौकशी, इथपर्यंत गाडी आली होती. सरांना टाळता येईना. दुपारी तीनला जायचं आणि पाचला परतीच्या चिगरी बसमध्ये बसायचं, असं ठरवून ते हुबळीला गेले.

वत्सलाबाई सोफ्याच्या कडेला बसून होत्या, साडीचा पदर घट्ट लपेटून. पहिलाच प्रश्न: "गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

"निपाणी."

"निपाणी?" पदर जरा सैल झाला. "आमच्या मावशीला निपाणीतच दिलेली की! तुमचं मराठी आमच्या शेजाऱ्यांपेक्षा चांगलं आहे हो सर."

मग निपाणी झाली, मावशी झाली, मावशीच्या दिराचं तंबाखूचं दुकान झालं. चुरमुऱ्यांचं गिरमिट आलं, खाल्लं. पुन्हा आलं, नको म्हटलं तरी ताटलीत पडलं. भजी आली. सरांनी दोनदा घड्याळ बघितलं, दोन्ही वेळा वत्सलाबाई म्हणाल्या, "बसा की सर, कुठं गाडी सुटायलीय? चिगरी दर पाच मिनिटाला असत्यात." असरची नमाज सर आणि सागर बाजारापलीकडच्या मशिदीत करून आले, सर तिथूनच निसटणार होते, पण पिशवी वत्सलाबाईंनी आत उचलून ठेवलेली.

चहाच्या दुसऱ्या फेरीला त्या मुद्द्यावर आल्या.

"सर, मला हे आवडलेलं नाही. तुमच्या तोंडावर सांगते. माझं पोरगं, माझ्या देवाला सोडून गेलं, मला काय वाटत असेल? पण एक सांगते. या पोराला काही पुरं करायची सवय नाही. तबला शिकला, सहा महिन्यांत सोडला. सीएला बसला, सोडलं. पोरगी बघितली, साखरपुड्याची तारीख काढली, तेही सोडलं. आता हे. मला भीती वाटते ती ही, की हा इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही असा मधेच लोंबकळायचा. तेव्हा शिकवताय तर नीट शिकवा. तुमच्याकडं बघून वाटतं, तुम्ही अर्धं काही करत नसणार."

सरांनी हातातलं भजं ताटलीत परत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की आत्ता, या बाईंना, सगळं सांगून टाकावं. पण त्या इतक्या विश्वासानं बघत होत्या की धीर झाला नाही.

आणि तेवढ्यात लांबून मगरिबची अजान ऐकू आली.

सर ताडकन उठले. "मी निघतो. वाटेत मशिदीत—"

"वाटेत कशाला? पोचेपर्यंत वेळ जाईल. या नमाजेला वेळ थोडा असतो म्हणे, हाच सांगतो रोज," वत्सलाबाई म्हणाल्या. "माडीवरच्या खोलीत करा. सकाळी पुसून घेतलीय. खाली देवघर आहे म्हणून, नाहीतर इथंच करा म्हटलं असतं."

सागरचा चेहरा उजळला. आईनं आपण होऊन जागा दिली होती! "सर, माझ्या घरातली पहिली जमात! तुम्ही इमाम व्हा."

"आणि मोठ्यानं म्हणा हां," वत्सलाबाईंनी सांगितलं. "हा दिवसातून पाच वेळा दार लावून काय पुटपुटतो ते मला अजून कळलं नाही. मी जिन्यात बसून ऐकते."

माडीच्या त्या चौदा-पंधरा पायऱ्या सर कसे चढले ते त्यांचं त्यांना माहीत. खोलीत स्वच्छ चादर अंथरलेली होती. सागर हातपाय धुऊन मागं जाऊन उभाही राहिला. खाली बांगड्या वाजल्या. वत्सलाबाई जिन्यात बसल्या. चक्कर आल्याचं सोंग करावं का, असाही विचार सरांच्या मनात येऊन गेला. पण चाळीस वर्षं मशिदीत बसल्यावर कानावर चार गोष्टी पडलेल्या असतात, त्यातली एक नेमकी कामाला आली.

"सागर, पुढं हो."

"मी?"

"घर कुणाचं? तुझं. ज्याचं घर त्याचा पहिला हक्क. हाफिजना विचार पाहिजे तर." हे अगदी खरं होतं. आयुष्यात सर इतकं खरं, इतक्या खोट्या कारणानं कधी बोलले नव्हते.

"पण सर, मी नमाजेत मोठ्यानं कधी म्हटलेलं नाही. आणि खाली आई..."

"मी आहे ना," सर म्हणाले आणि त्याला दोन्ही खांदे धरून पुढं सरकवलं.

दोघंच असले की मागचा माणूस इमामाच्या उजवीकडे, जेमतेम अर्धं पाऊल मागं उभा राहतो. सर बरोबर तिथं उभे राहिले. सागरनं कानापर्यंत हात नेले, अल्लाहु अकबर अशी तक्बीर म्हटली, हात बांधले आणि अलहम सुरू केली.

आवाज कापत होता. मशिदीतला इमाम एका श्वासात दोन-दोन आयती, म्हणजे सूरतीच्या ओळी, म्हणून जायचा. हा एकेक शब्द चाचपत, पुढचा सापडला की मगच आधीचा सोडत चालला होता. सर ऐकत होते. इतकी सावकाश अलहम त्यांनी नमाजेत कधी ऐकलीच नव्हती. शब्द एकमेकांपासून सुटे दिसायला लागले, आणि प्रत्येक शब्द ओळखीचा निघायला लागला. अरे, हा तर तो. आणि हा त्याच्यानंतरचा.

अर्धी सूरत पार पडली आणि सागर अडकला.

सरळ वाट दाखव असं जिथं मागायचं, बरोबर त्या जागी. त्यानं मागची आयत पुन्हा घेतली, धावत येऊन उडी मारावी तसा त्या जागेपर्यंत आला आणि पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा तेच. मग आवाजच बंद झाला. सरांना शेजारून त्याचा कान दिसत होता; तो लालबुंद झाला होता. खाली जिन्यात बांगड्या वाजल्या. वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या असाव्यात. तबला, सीए, साखरपुडा आणि आता हे.

इमाम म्हणता म्हणता अडकला तर मागच्यानं त्याला पुढचा शब्द द्यायचा असतो. त्याला लुकमा देणं म्हणतात, म्हणजे घास देणं. भरल्या मशिदीत हे काम कुणीही करतं, सरांवर कधी पाळी आली नव्हती. आज मागं दुसरं कुणी नव्हतं. सरांनी डावीकडे डोळे फिरवले, उजवीकडे फिरवले. भिंत आणि कपाट. या पोराची आई खाली ऐकतेय, त्याला आपण पुढं ढकललंय, आणि आपल्यापाशी द्यायला काही नाही. या अल्ला, सर मनात म्हणाले, माझं राहू दे, मी आहे तसा आहे, पण या पोराला अडकवू नको. चाळीस वर्षांत नमाजेत उभं राहून आकड्यांशिवाय त्यांनी मनात म्हटलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

आणि त्यांचं तोंड उघडलं.

तो शब्द त्यांनी कधी पाठ केला नव्हता. पण रोज संध्याकाळी, चाळीस वर्षं, तो कानावरून गेला होता आणि आत कुठंतरी मुकाट बसून राहिला होता. मागच्या शब्दामागून तो आपोआप बाहेर आला. बाहेर आला म्हणजे कसा? सरांना आवाज एकच माहीत, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळणाऱ्या पोराला जागच्या जागी थांबवणारा. खिडकीवरची कबुतरं उडाली. खाली काहीतरी स्टीलचं पडलं आणि गरगरत राहिलं.

सागर दचकला, पण शब्द त्यानं झेलला आणि तिथून जो सुटला तो न थांबता शेवटापर्यंत गेला.

मागं सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. पुसायला हात मोकळे नाहीत. रुकूत गेल्यावर ते नाकाच्या शेंड्यावरून टपटप चादरीवर पडायला लागलं, आणि ज्या पाठीवर पेला ठेवायचा ती पाठ गदगदा हलत होती. दुसऱ्या रकातीत सागरची अलहम सरळ पार पडली. तो म्हणत होता आणि सर मनातल्या मनात प्रत्येक शब्दाची वाट बघत होते, आणि प्रत्येक शब्द त्यांच्या आधी दारात येऊन उभा होता.

सलाम फिरवून नमाज संपवली तेव्हा वत्सलाबाई दारात होत्या. "मघाशी ओरडलं कोण ते?"

"सर," सागर म्हणाला. "मी अडकलो होतो ना. अडकलं की मागच्यानं पुढचा शब्द द्यायचा असतो."

"मग इतका वेळ का लावला हो सर? माझा जीव खालीवर झाला."

"अगं, मुद्दाम थांबले ते," सागरनं कौतुकानं सांगितलं. "मला माझं आठवतं का ते बघत होते. पहिल्यापासून त्यांची शिकवायची पद्धतच तशी. होय ना सर?"

मायलेक दोघंही सरांकडे बघत होते. इतकी सोयीची थाप आयती ताटात वाढून आजवर कुणी पुढं केली नव्हती. तोंड उघडायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवायची. सरांनी रुमाल काढला, नाक पुसलं.

"नाही रे," ते म्हणाले. "मला येतच नाही."

"काय येत नाही?"

"अलहम. कधीच येत नव्हती. मी आयुष्यभर मागं नुसता उभा आहे."

वत्सलाबाईंनी मुलाकडे बघितलं, मग सरांकडे, मग पुन्हा मुलाकडे. सागर चष्मा काढून पुसायला लागला.

"पण आत्ता तर आलं की तुम्हाला," तो शेवटी म्हणाला.

"तू अडकलास म्हणून आलं."

सरांनी चादरीवर मांडी घातली आणि सागरला हातानं समोर बसायची खूण केली. नेहमीचा ताठ कणा जरा पुढं वाकला होता.

"पहिल्यापासून म्हण," ते म्हणाले. "मघासारखं, हळू. मी मागनं म्हणतो."

सागरनं घसा साफ केला. तेवढ्यात वत्सलाबाईंनी दारातून हात वर केला.

"थांबा जरा. खाली देवापुढं दिवा लावून येते, मग सुरू करा. मघाशी ते ताट पडलं, त्या आवाजात मला पुढचं काही ऐकूच आलं नाही."

आणि त्या येईपर्यंत दोघं थांबले.